जागेच्या करारावर सही करण्याआधी भागीदारी की एलएलपी (मर्यादित देयतेची भागीदारी) ते ठरवा

दोघे मिळून रेस्टॉरंट काढायचंय, आधी काय करू, असं तुम्ही विचारलंत. कोथरूडची ४० खुर्च्यांची जागा, दोघे मित्र, आणि एजंट म्हणतोय, ‘भाडेकरार एकाच्या नावावर उरकून टाका, फूड लायसन्स काढा, भागीदारीचं नंतर बघू.’ हाच सल्ला आम्हालाही मिळाला होता आणि सगळ्यात महाग तोच पडला. म्हणून फक्त त्याबद्दल लिहितो. भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची एनओसी वगैरे तुम्ही पाहिलंच असेल.

परवाना जागेला मिळत नाही, तिथे धंदा करणाऱ्याला मिळतो, आणि त्याची ओळख पॅनवरून ठरते. आज एकट्याच्या नावावर सुरू केलंत तर पॅन त्याचा वैयक्तिक. उद्या फर्म केलीत की पॅन नवा. मग जीएसटीत नुसती दुरुस्ती चालत नाही, नोंदणीच नवीन घ्यावी लागते. एफएसएसएआय (म्हणजे फूड लायसन्स), शॉप अ‍ॅक्ट, महापालिकेचा आरोग्य परवाना, करंट अकाउंट, कार्ड मशीन, सगळं पुन्हा. तोवर भाडं चालूच. शिवाय एकट्याचं नाव असताना त्याचं काही बरंवाईट झालं, तर फूड लायसन्स वारसांसाठी तीन महिनेच टिकतं. दुसऱ्या मित्राचा त्यावर काहीच हक्क नाही, पैसे कितीही घातलेले असोत.

आणखी वाईट प्रकार म्हणजे करार एका मित्राच्या नावावर आणि परवान्याचा अर्ज फर्मच्या नावावर. एका कार्यालयात (नाव घेत नाही) अशी फाइल नुसती पडून राहते. ‘नाव जुळत नाही’ एवढं तोंडी सांगतात, कागदावर काही देत नाहीत, पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला असतो आणि तो वेगळीच त्रुटी काढतो. याचा मला अजून संताप येतो. तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर नकाराची कारणं लेखी द्यावीच लागतात, आणि पहिलं अपील ३० दिवसांत करता येतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. एलएलपी करायची असेल तर नोंदणीकृत पत्ता एकाच्या घराचा द्या. घरमालकाची एनओसी आणि ताजं लाइट बिल पुरतं, दुकानाची जागा हातात असावी लागत नाही. एलएलपी करारनामा नोंदणीपासून ३० दिवसांत फॉर्म ३ सोबत भरा. साधी भागीदारी असेल तर आधी डीड (भागीदारीचा करारनामा), मग फर्मचा पॅन. त्यानंतर लीव्ह अँड लायसन्स (जागेचा भाडेकरार) थेट फर्मच्या किंवा एलएलपीच्या नावाने, सही करणाऱ्याला अधिकारपत्र देऊन. कराराची तारीख डीडच्या नंतरची हवी. नावातलं ‘आणि’, ‘अँड’, ‘&’ सगळीकडे एकसारखं ठेवा. मालक थांबायलाच तयार नसेल तर करारात कलम घाला, की फर्म झाल्यावर त्याच अटींवर, त्याच अनामतीवर तिच्या नावाने नवा करार करून देईन. मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागेल, पण ते ०.२५ टक्के. अडकलेल्या महिन्यांच्या भाड्यापुढे ते काहीच नाही.

माझं मत विचाराल तर दोघेही रोज गल्ल्यावर आणि किचनमध्ये असणार असाल तर नोंदणीकृत भागीदारी पुरे. नोंदणी टाळू नका, नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. एकाचे फक्त पैसे असतील तर एलएलपी, कारण भागीदारीत देण्यापायी त्याचं घरसुद्धा धोक्यात येतं. मात्र एलएलपीची उलाढाल ४० लाखांवर गेली की ऑडिट आलं, आणि दरवर्षीचे फॉर्म ११ (विवरणपत्र, ३० मे) व फॉर्म ८ (हिशेब, ३० ऑक्टोबर) धंदा बंद असला तरी चुकत नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड मी तरी गुंतवणूकदार येईपर्यंत करणार नाही. इंटिरियरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे पुढच्या करातून वजावट) मिळेल म्हणून कोणी ती गळ्यात मारत असेल तर ऐकू नका, तुमच्यासारख्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के दर आहे आणि त्यात ते क्रेडिट मिळत नाही, धंदा कोणत्याही रूपात असो.

मी सीए किंवा वकील नाही, तेव्हा डीडचा मसुदा दाखवूनच पुढे जा. पुढे परमिट रूमचा विचार असेल तर भागीदार आत्ताच पक्के करा, एफएल-३ (परमिट रूमचा परवाना) वर नाव वाढवायला-काढायला उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी आणि फी लागते. आणि तसं असेल तर गडकिल्ल्यांचं किंवा थोर व्यक्तीचं नावही ठेवू नका. मद्य मिळतं तिथे २०२२ पासून ते चालत नाही, आणि तोवर नाव सगळ्या कागदांवर चढलेलं असतं.