सिल्व्हर बॉनेटवरचे पट्टे आणि खारा वारा

प्रश्न: दादा नमस्कार. मी मालवणजवळ राहतो. माझी २०११ ची मारुती आहे, रंग सिल्की सिल्व्हर. मे महिन्यात बॉनेटवर माडाची झावळ पडली, पत्रा दबला. डेंटरकडून ठोकून घेतला, लांबी (खळगे भरायची पुटी) त्यानेच भरली, पण रंगाचे त्याने फार सांगितले म्हणून मी घरीच स्प्रेच्या डब्याने मारला. ४०० मिलीचा एक डबा पूर्ण संपवला. आता बॉनेटवर फिकट-गडद पट्टे दिसतात, एका कोपऱ्यात हात फिरवला तर वाळू लागते तसं लागतं आणि पुढच्या कडेला दोन ओघळ आलेत. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, अजून मारलेला नाही, हिंमत होत नाही. डबा खराब निघाला का?
— एक वाचक, मालवण

उत्तर: डबा बहुतेक बरोबरच होता हो. पट्टे, खरखर आणि ओघळ, तिन्ही एकाच बॉनेटवर आले म्हणजे हात कुठे जवळ गेला कुठे लांब गेला, आणि एका डब्यात बॉनेट उरकायचं या हिशोबाने तुम्ही जिथे कमी वाटलं तिथे परत परत मारत गेलात. बरोबर ना? मीपण हेच केलंय म्हणून सांगतो.

आधी सिल्व्हरचं बघू, कारण हाच रंग सगळ्यात जास्त रडवतो. पांढऱ्या रंगात थोडं कमीजास्त झालं तरी खपून जातं. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे अगदी बारीक चपटे कण असतात आणि ते कसे पडतात त्यावर रंग उजळ दिसणार की काळपट ते ठरतं, म्हणजे कोट ओला जाड बसला तर कण आत वेडेवाकडे तरंगतात आणि तिथे गडद दिसतं, कोट सुका पातळ बसला की ते वरच आडवे पडतात आणि तिथे उजळ. रंग एकच, डबा एकच, तरी पट्टे. आणि दुसरी गंमत म्हणजे क्लिअर मारायच्या आधी हा रंग मॅट, राखेसारखा निस्तेजच दिसतो, तसाच दिसायला हवा. पण आपल्याला वाटतं चमक आली नाही, अजून एक हात मारू, आणि तिथेच ओघळ येतात. चमक क्लिअर देतो, ती रंगाच्या डब्यात शोधू नका.

आता हाताचं. बायका खळं सारवतात तेव्हा हात खांद्यातून अर्धगोल फिरतो बघा, आपणही नकळत डबा तसाच फिरवतो. मग मधे डबा पत्र्याजवळ आणि दोन्ही टोकांना लांब. मधे ओलं, टोकाला सुकं. त्याऐवजी डबा पत्र्यापासून एक वीत ठेवा, कोपर आणि अंग दोन्ही सरकवत सरळ रेषेत न्या, मनगट वळवू नका. बटण पत्र्याच्या बाहेर असतानाच दाबायचं आणि पत्रा ओलांडून गेल्यावर सोडायचं, मधे कुठे थांबायचं नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. वेग साधारण सेकंदाला एक फूट. हे आधी जुन्या पत्र्यावर नाहीतर पुठ्ठ्यावर दहावेळा करून बघा, लाज वाटून घेऊ नका.

पहिला कोट इतका पातळ की खालचा प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) दिसायला हवा, नुसता शिंतोडा. तो दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. मग दुसरा, तिसरा, लागला तर चौथा, दर वेळी तेवढंच थांबून, आणि एक कोट उभा मारला तर पुढचा आडवा. सगळीकडे रंग झाकला गेला की शेवटचा कोट वेगळा, वीत आणि वर चार बोटं इतक्या लांबून, हात जरा भरभर, सगळ्या बॉनेटवर धुकं पडल्यासारखा. या शेवटच्या कोटाने कण सगळीकडे सारखे बसतात आणि पट्टे जातात. बॉनेटला रंगाचे किमान दोन डबे धरा, एकदम घ्या, एकाच बॅचचे, आणि क्लिअरचे दोन. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर वरून अजून दोन मिनिटं डबा हलवायचा, आणि कोटांच्या मधेपण हलवायचा, हे ॲल्युमिनियमचे कण तळाला पटकन बसतात. सलग मारत राहिलं की डबा हातात गार पडतो आणि आतला जोर कमी होऊन थेंब थुंकायला लागतो, तेव्हा तो कोमट पाण्यात थोडा वेळ उभा करा. कोमट म्हणजे कोमटच हां, चुलीजवळ अजिबात नाही.

पण तुमची खरखर मला वाऱ्याची वाटते. तुम्ही किती वाजता मारलात ते लिहिलं नाही, मी पैज लावतो दुपारी. शाळेत शिकलोय आपण, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. किनाऱ्याला अकरा-बारानंतर समुद्राकडून वारं सुटतं, उन्हाने पत्रा तापलेला असतो, डब्यातून निघालेला रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पावडर होऊन बसतो. वर त्या वाऱ्यात मीठ, आणि रस्त्याची तांबडी धूळ. म्हणून आपल्याकडे स्प्रे मारायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव पूर्ण उडाल्यावर नऊ-साडेनऊला सुरू करायचं आणि खारं वारं सुटायच्या आत क्लिअरसकट संपवायचं. शेजारच्या पत्र्याला हाताची पाठ लावून बघा, गारही नको, चटकाही नको. जागा म्हणाल तर मांगर किंवा पडवी उत्तम, दोन्ही बाजू उघड्या पण वारं थेट नको, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा. आंब्याखाली मात्र गाडी लावू नका, मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तो डोळ्याला दिसत नाही पण त्यावर रंग धरत नाही.

पावसाळ्यात मारायचं तर नावच काढू नका. मी एकदा श्रावणात, पाऊस दोन तास उघडला म्हणून, आमच्या काळ्या गाडीच्या दाराला क्लिअर मारला. पाच मिनिटांत सगळं दार दुधाळ. थिनर उडून जाताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगात अडकते, हे तेव्हा मला कुठे माहीत. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "गाडयेर पीठ सांडलंस काय रे?" दिवाळीपर्यंत तसंच फिरलो.

तर आता तुमच्या बॉनेटचं. दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या, ओघळ जाड असतील तर आठवडा. मग ८०० चा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात बुडवून, आधी फक्त ओघळ सपाट करा, नंतर सगळं बॉनेट हलक्या हाताने घासा. कुठे लांबी उघडी पडली तर तिथे पाणी थांबवा, पूर्ण सुकू द्या आणि परत प्रायमर. नुसत्या पट्ट्यांवर रंग मारून ते झाकायला जाऊ नका, सिल्व्हरमध्ये मधेच ठिगळ लावलं की ते जन्मभर दिसतं, पूर्ण बॉनेट या कडेपासून त्या कडेपर्यंतच मारायचं. आणि घासून झाल्यावर पत्र्याला उघडा हात लावू नका. आपल्या हाताला खोबरेल असतंच कुठेतरी, डोक्याला लावलेलं, जेवणातलं. तेलाच्या एका बोटाच्या ठशावर रंग असा मागे सरतो की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉन स्प्रेनेही हेच होतं.

रंगाचा शेवटचा कोट झाला की वीस-तीस मिनिटं थांबून क्लिअर. रंगाला मधे पॉलिश पेपर लावायचा नाही, कण ओरखडले जातात. क्लिअरचा पहिला कोट पातळ, पुढचे दोन जरा ओले, उन्हात तिरपं बघितलं तर काचेसारखी ओल सलग दिसली पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखं थोडं उठलंच तर घाबरू नका, आठवड्याने २००० च्या पेपरने पाण्यात घासून रबिंग (घासून चमक आणायची पेस्ट) मारा, निघतं.

प्रश्न: दाराच्या खालच्या कडेला गंज येतो, मी दर वर्षी घासून रंग मारतो, सहा महिन्यांत परत फोड. घर समुद्रापासून दोन मिनिटांवर. काय चुकतंय?
— एक वाचक, हर्णै

उत्तर: मीठ आत राहतंय. घासण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुता का? तुमच्या विहिरीला मचूळ पाणी असेल तर ते चालणार नाही, नळाचं नाहीतर पावसाचं साठवलेलं घ्या. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, खड्ड्यात काळा ठिपका उरला तरी तो परत वर येणार. आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, आपल्याकडे सकाळपर्यंत त्यावर पिवळट थर आलेला असतो. त्याच दिवशी प्रायमर. लांबी पाण्याने घासू नका, ती पाणी पिते, सुकीच घासा. आणि प्रायमरवरच गाडी आठ-पंधरा दिवस फिरवत असाल तर तेही बंद करा, प्रायमर हवेतली ओल आत सोडतो. दाराच्या खाली पाणी जायची भोकं असतात ती मातीने बुजलीत का तेपण काडी घालून बघा, बरेचदा सगळं मूळ तिथेच असतं.

प्रश्न: टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून घट्ट होणारा) घरी मारला तर चालतो का? मुलगा सांगतो तोच चांगला.
— एक वाचक, गुहागर

उत्तर: चांगला आहेच, पेट्रोल सांडलं तरी हलत नाही. पण त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते छातीला वाईट, एकदा दम्यासारखा त्रास जडला की पुढे थोड्या वासानेही उठतो. रुमाल किंवा साधा मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफेसाठीचं फिल्टर असलेला रबरी मास्क, हातमोजे, चष्मा हे सगळं असेल आणि उघड्यावर मारणार असाल तरच हात घाला, आसपास पोरंटोरं नकोत. डब्याखालची पिन एकदा दाबली की एक-दोन दिवसांत आतला माल घट्ट होतो, त्यामुळे सगळी तयारी झाल्यावरच दाबा, आधी नाही. नाहीतर साधा क्लिअर मारा आणि महिनाभर मेण-पॉलिश लावू नका.