धरायला तो शिकेलच, तू त्याला सोडायला शिकव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. श्वान पथकात तुझी निवड झाली, पिल्लू हाती आलं, हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. पण पत्रात तू एकच गोष्ट तीनदा विचारलीस, ‘काका, तो जोरात धरायला कधी लागेल?’ अरे, जर्मन शेफर्ड काय किंवा त्याच्यासारखा बेल्जियन मॅलिनॉ काय, पळतं काही दिसलं की झेप घेणं त्यांच्या रक्तात आहे. तुला शिकवायचं आहे ते सोडणं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या चुकीने एका सहकाऱ्याच्या दंडाला आठ टाके पडले. कुत्र्याने चावून धरायची जाड बाही हातावर चढवून तो चोराचं काम करत होता. ओल्या मैदानावर त्याचा पाय घसरला, बाही सरकली आणि दात वर लागले. मी ‘लीव्ह, लीव्ह’, म्हणजे सोड, सोड, असं ओरडत पट्टा मागे खेचत राहिलो. खेचलं की कुत्रा आणखी आवळतो, कारण त्याला वाटतं सावज निसटतंय. हे मला तोपर्यंत कळायला हवं होतं. ते टाके मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून आता नीट वाच. कुत्रा बाहीला लागला की आधी त्याचं तोंड बघ. पुढच्या दातांनी कुरतडतोय, गुरगुरत जागा बदलतोय, तर तो भ्यालेला आहे. हेल्परला, म्हणजे बाही घालून चोर झालेल्याला, लगेच मागे सरायला सांग. दाढांपर्यंत जबडा भरून शांत धरलं असेल तरच पुढे जायचं. हेल्परने हात छातीशी घट्ट धरून खांबासारखं उभं राहायचं. हलते ती बाही म्हणजे सावज, थांबली की ती नुसतं गोणपाट. तू पट्टा सैल ठेवून शेजारी उभा राहा. थोड्या वेळाने कानाखालचा ताठ स्नायू उतरताना दिसेल. तेवढ्यात एकदाच, साध्या आवाजात, ‘लीव्ह’. सोडलं रे सोडलं की हेल्परने बाही हलवायची आणि त्याला पुन्हा धरू द्यायचं. सोडलं म्हणजे गेलं असं नाही, सोडलं तरच पुन्हा मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसू दे. आरडाओरडा करून किंवा मारून सोडवलेला कुत्रा तू दहा पावलं लांब गेलास की ऐकत नाही.

बाही मात्र आत्ताच नको. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात. पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत, ओढाओढीचा खेळसुद्धा बंद. हे दिवस ‘सिट’, ‘डाऊन’, ‘स्टे’ आणि ‘हील’, म्हणजे पायाला लागून चालणं, यांना दे. शाबासकी किंवा घास सेकंदभरात मिळाला पाहिजे. तो बसला, तू खिसा चाचपत राहिलास, तोवर तो उठला, मग तू घास दिलास, तर शाबासकी उठण्याची झाली.

आणि मैदानावर शिकलेलं ‘सिट’ हे मैदानापुरतंच असतं. त्याला आपल्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात ने, एसटी स्टँडवर ने, पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी बसव. गुळगुळीत फरशीवर चालव. मी पाहिलेले कितीतरी धीट कुत्रे फरशीवर पाय सरकताच गळाठले. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे, पिपाण्या, भज्यांचा वास आणि पायात पायात येणारी लेकरं असतात. तिथे तुझ्या डाव्या गुडघ्याला लागून जो गप चालतो, त्यालाच पुढे बाही दाखवायची.

मुंबई पोलिसांच्या झंजीर कुत्र्याचं नाव तू ऐकलं असशीलच. 1993 च्या स्फोटांनंतर त्याने 3 हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. स्फोटकांचा कुत्रा वास लागला की गुपचूप बसतो, उकरत नाही, भुंकत नाही, कारण पंजा लागला तर सगळेच जायचे. त्यामुळे त्याच्या कामात आज्ञापालन हाच जिवाचा विमा. आपल्या रक्षणाच्या कुत्र्याचंही तसंच. धावत सुटलेल्या कुत्र्याला अर्ध्या वाटेत हाक मारून परत बोलावता येत नसेल, तर त्याला गर्दीत सोडायचा तुला अधिकार नाही.

सोलापूरच्या उन्हाचं वेगळं सांगतो, कारण बाहेरून आलेले हँडलर इथेच चुकतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. बाकी सगळी भिस्त धापेवर. एप्रिल-मेमध्ये सराव उजाडताना संपलेला हवा. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकव. तुला सोसली नाही तर त्यालाही नाही. त्याचं अंग एरवी 38-39 अंश असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ लांब, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या खाणारी दिसली तर डॉक्टरकडे पळण्याआधी पोटावर, जांघेत, पायांवर पाणी ओत. आधी पाणी, मग गाडी.

खाणं सरावाआधी देऊ नकोस, पोटाला पीळ पडतो. दमल्यावरही तासभर थांब. वाटी मात्र रोज तुझ्याच हातून गेली पाहिजे, सुट्टीच्या दिवशीही.

रविवारी पहाटे साडेपाचला मैदानावर ये. पिल्लाला घरीच ठेव. माझा जुना कुत्रा आणतो. बाही तू घालायचीस. समोरून तो येताना कसा दिसतो, लागल्यावर हाडापर्यंत काय जाणवतं आणि मी हाक मारल्यावर जबडा कसा सुटतो, ते आधी तुझ्या हाताला कळू दे.

तुझा काका