उकियो-ए : तरंगतंय नक्की काय?

प्रश्न असा आला आहे: "जपानी 'उकियो-ए' चित्रांना मराठीत 'तरंगत्या जगाची चित्रे' म्हणणे योग्य आहे का? आणि हा शब्द कोणत्या लिंगी वापरावा?"

आधी माझं दुखणं सांगतो. मध्यंतरी एका प्रदर्शनात जपानी चित्रकार होकुसाईची ती सुप्रसिद्ध लाट टांगली होती आणि खाली पाटी: 'तरंगत्या जगाचे उकियो-ए पेंटिंग'. शेजारी उभे असलेले गृहस्थ बायकोला समजावत होते, "त्या होड्या बघ. तरंगतायत ना, म्हणून." मला हसू आलं नाही. त्यांनी पाटीवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष.

पाटीत चुका किती? 'ए' म्हणजेच चित्र, तेव्हा 'उकियो-ए पेंटिंग' हे पिवळं पीतांबर झालं. शिवाय ते पेंटिंगही नव्हे, लाकडी ठशांनी छापलेलं चित्र. चित्रकार रेखाटन करून देई, कोरणारा ते रानचेरीच्या लाकडावर कोरी, छापणारा एकेका रंगाचा वेगळा ठसा कागदावर उमटवी आणि प्रकाशक या सगळ्याला पैसे पुरवी. हातानं रंगवलेली उकियो-ए असतात, नाही असं नाही. पण त्यांना 'निकुहित्सु' असं वेगळं विशेषण लावावं लागतं, यातच काय ते आलं.

उच्चाराचंही उरकून टाकू. काही जण 'उक्योए' लिहितात. नको. उ-कि-यो, तीन सुटी अक्षरं. गंमत अशी की जिथे खरोखरच 'क्यो' आहे त्या तोक्योला आपण इमानेइतबारे 'टोकियो' करतो आणि जिथे 'कियो' आहे तिथे जोडाक्षर आणतो.

आता 'उकियो'. जुन्या जपानीत 'उशी' असं एक विशेषण आहे (आपली डोक्याखालची नव्हे). अर्थ दुःखद, जीव नकोसा करणारं. नामाआधी आलं की त्याचं 'उकी' होतं. 'यो' म्हणजे जग. तेव्हा उकी-यो म्हणजे दुःखमय जग. बौद्ध विचारात मुरलेल्या जुन्या जपानी कवितेत हा शब्द सुस्कारा टाकल्यासारखा येतो: हे असलं जग, यातून सुटका कधी?

पण जपानीत 'तरंगणं' या क्रियेचा उच्चारही 'उकु', 'उकी' असाच. जीवन पाण्यावरच्या वस्तूसारखं अस्थिर, ही कल्पना चिनी ग्रंथांतून आलेलीच होती. मग लिहिणाऱ्यांनी 'उकी'साठी दुसरं चित्राक्षर घेतलं. उच्चार तोच, अक्षर निराळं. आणि ही अदलाबदल पाहण्यासारखी आहे: दुःखाच्या अक्षराच्या पोटात हृदयाचं चिन्ह आहे, तरंगण्याच्या अक्षराच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब. हृदय काढलं, पाणी घातलं!

१६०३ नंतर तोकुगावा घराण्याची राजवट आली, एदो (म्हणजे आजचं तोक्यो) शहर फुगलं, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला. १६६०च्या दशकात असाई ऱ्योई या लेखकानं (हा स्वतः बौद्ध पुरोहित, हे विशेष) 'उकियो'ची नवी व्याख्याच मांडली. तिचा मथितार्थ असा: चंद्र पाहावा, बर्फ पाहावा, फुलं पाहावीत, गावं, प्यावं, खिसा रिकामा झाला तरी तोंड पाडू नये, प्रवाहावरच्या भोपळ्यासारखं वर राहावं. भोपळा! विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधलेल्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. जग क्षणभंगुर आहे हे मूळ वाक्य तसंच राहिलं, फक्त त्याखालचं 'म्हणून सोडा' जाऊन 'म्हणून भोगा' आलं.

या जगाची चित्रं ती उकियो-ए. त्यांत होड्या नव्हेत, योशिवारा वस्तीतल्या गणिका, काबुकी नाटकांतले नट, सुमोचे पैलवान. नुसत्या निसर्गदृश्यांची चलती पार १८३०च्या सुमारास, होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या काळात झाली. होकुसाईची लाट त्याच वेळची. इंग्रजीत तिला 'ग्रेट वेव्ह' म्हणतात, पण तिच्या जपानी नावात ना 'महान' आहे ना 'तरंगणं': कानागावाच्या किनाऱ्यापासून दूर, लाटेच्या पोटात, इतकंच. ज्या मालिकेत ती आहे तिचं नाव 'फुजीची छत्तीस दृश्यं', आणि चित्रं आहेत ४६. नावांवर फार विसंबू नये, ते असं.

तेव्हा 'तरंगतं जग' मला का पटत नाही? ते जपानीवरून आलेलंच नाही. ते इंग्रजी 'फ्लोटिंग वर्ल्ड'चं निर्जीव भाषांतर आहे. मराठीत तरंगतो तो फुगा, नाहीतर रात्री उशिरा घरी परतणारा इसम. त्यात दुःख कुठे आहे?

माझं म्हणणं, आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे आणि तो रोज वापरून गुळगुळीत झाल्यामुळे कुणाला दिसत नाही: संसार. संस्कृतात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा, ज्यातून सुटायचं ते. मराठीनं त्याचं काय केलं? थाटला, मांडला, नेटका केला, भातुकलीत मुलांच्या हाती दिला, त्यात पातेली नि पोळपाट भरले. म्हणजे जपान्यांनी 'उकियो'चं जे केलं तेच. त्यांचा शब्द योशिवाराकडे वळला, आमचा स्वयंपाकघराकडे, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. आणि पाणी हवं असेल तर तेही आहे. सम् अधिक सृ, सृ म्हणजे सरकणं, वाहणं. ज्या धातूपासून 'सरिता' त्याच धातूपासून 'संसार'. पुराच्या बातम्यांत 'शेकडो संसार वाहून गेले' असं छापतात तेव्हा तो शब्द आपल्या मुळाशीच जाऊन पोचलेला असतो.

एका विद्वान मित्रानं यावर मला ठणकावलं: संसाराला जपानीत 'रिन्ने' हा बौद्ध प्रतिशब्द आहे, तुझं 'उकियो' वेगळं. अहो, आहे की! 'रिन्ने'त चाक आहे, फेरा आहे, तो पोथीतला संसार. पण 'रिन्ने' कधी बाजारात गेला नाही. त्यानं कधी नटाचं चित्र वाडगाभर नूडल्सच्या आसपासच्या किमतीला विकलं नाही. मी शब्दाचा कोशातला अर्थ जुळवत नाहीये, त्याचा प्रवास जुळवतोय. मित्राला हे पटलेलं नाही. त्याला 'भवचित्र' हवंय. भवचित्र म्हटलं की मला मठाची भिंत दिसते, काबुकीचा नट नव्हे.

हां, लिंगाचं राहिलंच. नपुंसकलिंगी चालवा: ते उकियो-ए, ती उकियो-ए. चित्राचं लिंग त्याला आपोआप मिळतं. आणि मराठी नाव द्यायचंच असेल तर 'संसारचित्र'. पाटीवाल्यांनी निदान 'पेंटिंग' तरी खोडावं.