गाडीवर उडालेला रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेजारच्या इमारतीला बाहेरून रंग देताना आमच्या मरून रंगाच्या गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरे थेंब उडाले. चार दिवस झाले. पेंटर म्हणतो, थिनरचा बोळा फिरवा, लगेच निघेल. फिरवू का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नका फिरवू. बाहेरच्या भिंतीचा रंग बहुधा पाण्यात कालवायचा इमल्शन असतो, आणि त्याला थिनरची गरजच नसते. थिनरने थेंब विरघळला तरी त्याचा पांढरा लगदा आजूबाजूला पसरतो. तो पुसताना लावलेला जोर गाडीच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर येतो. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो. कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असल्याने थोडं सोसतो. पण तो पत्रा आधी कधी गॅरेजात एनसी पेंटने, म्हणजे न भाजता नुसत्या हवेत वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगाने, रंगवून घेतला असेल, तर थिनरबरोबर तो रंगही सुटून येईल.

काम सकाळी लवकर, सावलीत करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर काहीही लावलं तरी मिनिटभरात वाळतं आणि डाग ठेवून जातं. बॉनेटवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. आधी पाण्याच्या धारेने धूळ घालवा, नाहीतर तीच धूळ घासली जाऊन ओरखडे पडतील. मग कोमट पाण्यात कार शाम्पू घालून त्यात भिजवलेला मऊ कपडा थेंबांवर 15-20 मिनिटं ठेवा. तो सुकू देऊ नका. इमल्शन पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण मऊ होऊन फुगतं. मग नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने अलगद उचला.

जे उरेल त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबरच्या कपड्यावर घ्या, थेंबावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुसा. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. कपड्यावर मरून रंग उतरला तर तिथेच थांबा. शेवटी गाडी धुऊन लगेच कोरडी करा, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहिले तर ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पुसलेल्या जागेवरचं वॅक्सही गेलेलं असतं, ते पुन्हा लावा.

प्रश्न : गेटला ऑइल पेंटचा स्प्रे मारताना जवळच उभ्या असलेल्या गाडीवर तुषार बसले. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हात फिरवला की खरखर लागते.
– एक वाचक, धुळे

उत्तर : याला ओव्हरस्प्रे म्हणतात. त्याच दिवशी लक्षात आलं असतं तर टर्पेंटाइनच्या कपड्याने निघालं असतं. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने पक्का होतो, आणि एकदा झाला की टर्पेंटाइनला दाद देत नाही. आता उपाय क्ले बार, म्हणजे पत्र्यावर चिकटलेले कण उचलून घेणारी, मळता येणारी मातीसारखी वडी. गाडी धुऊन घ्या. क्लेचा लिंबाएवढा गोळा मळून चपटा करा. एक लिटर पाण्यात चमचाभर कार शाम्पू घालून स्प्रे बाटलीत भरा. दोन-दोन फुटांचा भाग घेऊन तो चांगला ओला करा आणि क्ले सरळ रेषेत, जोर न लावता फिरवा. सुरुवातीला अडखळतो, मग गुळगुळीत सरकतो. तेव्हा तो भाग झाला. मळ दिसला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही महाग असला तरी. त्यात रुतलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघा काढतो. हातावर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवून पत्रा चाचपला तर राहिलेली खरखर जास्त स्पष्ट कळते.

काचेवर ओल्या पृष्ठभागावर नवं ब्लेड तिरपं धरून चालवता येतं, रंगावर कधीच नाही. हेडलाइटची काच बहुतेक गाड्यांत खरी काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते. तिला थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की ती धुरकट होते आणि बारीक तडकते.

प्रश्न : हायवेवर ताजे पट्टे मारलेले कळले नाहीत. चाकावरच्या मडगार्डच्या कडेला पांढरे गोळे चिकटलेत.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : हे पट्टे बहुतेक थर्मोप्लास्टिकचे, वितळवून गरम ओतलेले असतात. रात्री चमकावेत म्हणून त्यात काचेचे बारीक मणी असतात, म्हणून घासू नका. हेअर ड्रायरने गोळा कोमट, मऊ होऊ द्या आणि प्लास्टिक कार्डाने उचला. उरलेल्या थरावर डांबर काढायचं टार रिमूव्हर डबीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवून पुसा आणि शाम्पूने धुवा. मडगार्डच्या आतलं काळं प्लास्टिक खरबरीत असतं, तिथे मऊ टूथब्रश वापरा.