रस्त्याची मोजमाप पुस्तिका आणि दाव्याचा रोजनामा

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीकडे येणारा डांबरी रस्ता एका पावसाळ्यात उखडला. विचारलं तर 'बिल निघालंय, आता काही होणार नाही' असं सांगतात. दुसरीकडे वडिलांचा बांधाचा दावा 11 वर्षं दिवाणी कोर्टात पडून आहे. सरकारी कार्यालयात कुणी उत्तर देत नाही आणि कोर्टाबद्दल बोललं तर अवमान होतो म्हणतात. मतदान सोडून आमच्या हातात आहे तरी काय? – एक वाचक

उत्तर : तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. सरकारला 'हे का केलं' असं थेट विचारता येतं. न्यायाधीशाला निकालाबद्दल असं विचारता येत नाही, येऊही नये. गर्दी जमवून निकाल फिरवता यायला लागले, तर पहिला बळी तुमच्या वडिलांसारख्या एकट्या माणसाचाच जाईल. निकाल चुकला तर अपील, एवढाच मार्ग. पण दाव्याला वेळ किती लागला, तारखा कुणी मागितल्या, निकालाला कारणं दिली का, हे पाहायचा आणि बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आधी रस्ता. बिल निघालं म्हणजे कागद तयार झालेले आहेत. बिलाआधी अभियंत्याला मोजमाप पुस्तिका भरावी लागते. त्यात लांबी, रुंदी, थराची जाडी लिहिलेली असते. माहितीच्या अधिकारात 'रस्ता खराब का झाला?' असं विचारू नका, ती माहिती नसून मत आहे असं म्हणून अर्ज परत येतो. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि दोषदायित्व कालावधी किती, एवढंच मागा. हा कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि नेमकं हेच लोकांना कुणी सांगत नाही.

अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय ठेवा, मजकूर 150 शब्दांत बसवा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायचं बंधन नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडची रांग लांब असते, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. 2005 च्या या कायद्यात कागद पाहण्याइतकाच काम पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. पुस्तिकेत लिहिलेली जाडी आणि उखडलेल्या कडेला पट्टी लावून दिसणारी जाडी, दोन्ही शेजारी शेजारी लिहून काढा.

मग तो कागद कपाटात ठेवू नका, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया भरवून हेच केलं. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर वाचली, आणि आपण कामावर गेलोच नव्हतो असं लोक उठून सांगू लागले. देशाच्या माहिती अधिकार कायद्यामागे त्या वाचनाचा मोठा वाटा आहे.

आता दावा. जिल्हा न्यायालयात मी 31 वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं नक्कल विभागात. एक वयस्कर शेतकरी आमच्या खिडकीशी येऊन रोज न्यायाधीशांना बोल लावायचे. एकदा मी म्हटलं, 'काका, तुमच्या दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल तर काढा.' रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. नक्कल हातात आल्यावर ते बाकावर बसून ओळीवर बोट ठेवत वाचत होते : 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' 'वादीचे वकील गैरहजर.' वादी ते स्वतःच होते. 9 तारखा त्यांच्याच वकिलांनी मागून घेतल्या होत्या. कितीतरी वेळ काका काही बोललेच नाहीत. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून सुरुवात रोजनाम्यापासून करा. प्रत्येक दाव्याला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांक, घालून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याच्या तारखा पाहता येतात, पण प्रमाणित नक्कल नक्कल विभागातूनच घ्या. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत आणि दिलेल्या तहकुबीची कारणं लिहावीत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 सांगतो. तुमच्या वकिलांनी पुढच्या मुदतीच्या अर्जाला लेखी हरकत घ्यावी आणि हा आदेश दाखवावा. मुदत त्यांनीच मागितलेली असेल, तर आधी जाब त्यांना विचारा.

अवमानाची भीती मी समजू शकते, पण ती कायद्यात आहे त्यापेक्षा आपल्या मनात जास्त आहे. न्यायालय अवमान कायदा 1971 चा आहे. निकाल लागून संपलेल्या खटल्यातल्या निर्णयावर प्रामाणिक टीका करणं हा अवमान नाही, हे त्याच्या कलम 5 मध्ये आहे. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे तक्रार केली तर तोही अवमान नाही, हे कलम 6. तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा जोडा. 'पैसे घेतले' असं पुराव्याशिवाय मात्र कुठेही बोलू किंवा लिहू नका. तसं करणं अन्यायाचं आहे आणि त्याने तुमचंच नुकसान होईल.

वरच्या पातळीवरही दारं उघडत गेली ती कुणीतरी चिकाटीने ठोठावली म्हणून. सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल एका नागरिकाच्या अर्जातून सुरू झालेल्या लढ्याचा आहे. 2022 च्या सप्टेंबरपासून त्याच न्यायालयाच्या घटनापीठाच्या, म्हणजे राज्यघटनेच्या प्रश्नांवर बसणाऱ्या मोठ्या पीठाच्या, सुनावण्या घरबसल्या पाहता येतात.

तुमच्या तालुक्याचं कोर्टही खुलंच आहे. काही मोजकी प्रकरणं सोडली तर कुणीही मागच्या बाकावर जाऊन शांत बसू शकतं. पुढच्या तारखेला वडिलांसोबत तुम्हीही जा, वहीत तारीख आणि कुणी काय मागितलं ते लिहा. नक्कल अर्जावर सही वडिलांची घ्या, दावा त्यांचा आहे. रोजनामा मिळाला की मुदतीच्या नोंदी मोजून मला परत लिहा.