कॅनडातल्या स्कॉटिश पाइप बँडमध्ये आपल्या मुलांना घेतात का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच हॅमिल्टनला आलात, अकरा वर्षांच्या मुलानं परेडमध्ये पाइप बँड, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणारा ताफा, पाहिला आणि तेव्हापासून तेच शिकायचा हट्ट धरलाय. पण हे तर स्कॉटिश लोकांचं, आपल्याला घेतील का?

घेतात. मी ऑन्टारिओतल्याच एका छोट्या गावाच्या बँडमध्ये नऊ वर्षं स्नेअर ड्रम, म्हणजे पानाला तारा लावलेला ड्रम, वाजवतोय. त्याआधी पुण्यात पथकात ताशा वाजवायचो. इथे पहिल्या दिवशी मला आडनाव, मूळ गाव, काहीच विचारलं नाही. दर मंगळवारी सरावाला येणं जमेल का, एवढंच विचारलं.

तरी तुमची शंका मला कळते, कारण इथे स्कॉटिश मुळं खरंच खोल आहेत. स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आत-बाहेर, आणि कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत आपलं मूळ स्कॉटिश असल्याचं सांगणारे सुमारे ४४ लाख. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ हे जहाज स्कॉटिश कुटुंबांना घेऊन कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला लागलं. १७८० च्या दशकात हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, कुटुंबं ऑन्टारिओच्या पूर्व टोकाला, ग्लेनगॅरीत येऊन वसली. पुढे स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना जमिनीवरून उठवलं, तेव्हा माणसांचे लोंढे आले. त्यांची गेलिक भाषा नातवंडा-पतवंडांच्या काळापर्यंत बहुतेक घरांतून नाहीशी झाली. पाइप मात्र राहिला. मला वाटतं, तो सगळ्या गावाला लागायचा म्हणून राहिला. लग्नाला लागतो, मयताला लागतो, दर ११ नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, युद्धस्मारकापाशी लागतो. वाजवणारे कमी पडले की समोर येईल त्या पोराला शिकवायचं, मग ते कुणाचंही असो.

युद्धस्मारकाचा विषय निघालाय तर जेम्स रिचर्डसनबद्दल मुलाला जरूर सांगा. जन्म स्कॉटलंडमधल्या बेल्सहिलचा, घरच्यांबरोबर ब्रिटिश कोलंबियात आलेला, कॅनेडियन स्कॉटिश बटालियनचा पाइपर, वय वीस. ऑक्टोबर १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, रेजिना ट्रेंच या जर्मन खंदकासमोर काटेरी तारांपाशी त्याची तुकडी अडकली. वरून गोळ्यांचा पाऊस. हा उठला आणि त्या तारांसमोर येरझाऱ्या घालत पाइप वाजवू लागला. सुमारे दहा मिनिटं. माणसं उठली आणि तारा ओलांडून पुढे घुसली. नंतर एका जखमीला मागे नेताना त्याला आपला पाइप राहिल्याचं आठवलं, तो आणायला परत गेला आणि पुन्हा कुणाला जिवंत दिसला नाही. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. पाइप चिखलात गेला असंच सगळे धरून चालले होते, पण तो एका लष्करी पाद्र्यानं उचलून नेला होता आणि स्कॉटलंडमधल्या एका शाळेत कित्येक दशकं पडून होता. ओळख पटल्यावर २००६ मध्ये तो ब्रिटिश कोलंबियाच्या विधानमंडळात आणून ठेवला. दर नोव्हेंबरला थंडीत बोटं आखडलेली असताना मला हा मुलगा आठवतो.

आता, परदेशातले बँड म्हणजे जुन्या आठवणी उगाळणारी मंडळी असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ग्लासगोला झालेल्या पाइप बँडच्या जागतिक स्पर्धेत १९८७ साली ऑन्टारिओचा ‘सेव्हंटी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स’ पहिला आला. वरच्या गटात युनायटेड किंग्डमबाहेरच्या बँडनं पहिल्यांदाच बाजी मारली होती. त्याच आठवड्यात उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमिनात त्यांनी मैफल केली, आणि बँड रंगमंचावर बसून ऐकवायची सलग, मोठी रचनाही करू शकतो हे लोकांनी ऐकलं. मग व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडनं ती स्पर्धा १९९५ पासून २००९ पर्यंत सहा वेळा जिंकली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पोलिसांच्या बँडनं १९९८ मध्ये जिंकली. म्हणजे जे घेऊन निघाले होते, ते वाढवून माहेरी परत नेलं.

संगीत तर आपल्या कानाला परकं नाहीच. खांद्यावर तीन नळ्या दिसतात ना, ते ड्रोन. दोन टेनर आणि एक बेस. एकच स्वर अखंड धरतात, अगदी तंबोऱ्यासारखा. बेस म्हणजे खर्ज. खालच्या नळीवर, म्हणजे चँटरवर, नऊच स्वर. फुंक थांबली तरी बगलेतल्या पिशवीच्या दाबानं आवाज चालू राहतो, त्यामुळे स्वर तोडता येत नाही आणि लहान-मोठाही करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा चुटकीसरशी स्पर्श द्यावा लागतो. हा आपला कणस्वरच. जुने पाइपर तर धून ‘हिहारिन’ अशा अक्षरांनी गाऊन शिकवत, आपण तबल्याचे बोल शिकवतो तसंच.

स्पर्धेआधी आम्ही गोल उभे राहतो. पाइप मेजर, म्हणजे पाइपरांचा म्होरक्या, एकेकाच्या खांद्याशी कान लावून ड्रोनचा सांधा केसभर वर-खाली सरकवतो. दोन ड्रोनमधली थरथर हळूहळू मंदावते आणि एका क्षणी नाहीशीच होते. मग पुढचा. असं करत पंधरा जणांचा मिळून एकच आवाज होतो तेव्हा माझ्या ड्रमची तार आपोआप थरथरू लागते. माझ्या ड्रमला केव्हलरचं पान असतं, इतकं ताणलेलं की काडी ताशासारखीच उसळते. पुण्याचा हात इथे कामाला आला.

मुलासाठी एक कळकळीची सूचना. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा, भिंतीवर टांगायचा बॅगपाइप अजिबात घेऊ नका. त्याचे स्वर लागत नाहीत आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आधी फक्त प्रॅक्टिस चँटर घ्या, बासरीएवढी नळी असते, तोही बँडमधल्या शिक्षकाला विचारून. वर्षभर तेवढंच, रोज पंधरा-वीस मिनिटं. आमच्याकडे नवशिक्यांकडून फी घेत नाहीत, किल्ट (चौकडीचा स्कॉटिश घागरा) आणि ड्रम बँडच देतो. तुमच्या जवळच्या बँडला हे आधी विचारून घ्या.

आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला ग्लेनगॅरीतल्या मॅक्सव्हिलला ग्लेनगॅरी गेम्स या स्कॉटिश खेळ-संगीताच्या मेळाव्याला न्या. हॅमिल्टनहून लांब पडतं, मुक्काम करावा लागेल. शेवटी सगळे बँड एकाच वेळी मैदानात उतरतात. कुंपणाला लागून उभे राहा, म्हणजे खर्ज छातीत जाणवेल.