घोरता घोरता बाबांचा श्वास थांबतो

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. रात्री जोरात घोरतात, मधेच एकदम गप्प आणि मग दचकून श्वास घेतात. दिवसभर पेंगत असतात. घरचे म्हणतात केमोचा थकवा आहे, खरंय का?

उत्तर: थकवा केमोचाही असेल हो, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका प्लीज. तुम्ही सांगताय ते स्लीप अॅप्नियासारखं वाटतंय, म्हणजे झोपेत घसा आवळला जाऊन श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, ऑक्सिजन खाली येतो आणि मेंदू दचकून उठवतो, असं तासाला ५ किंवा जास्त वेळा झालं तर तो आजार धरतात. फुफ्फुस आधीच कमजोर असलं की हे जास्तच जड जातं. रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढून कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्लीप स्टडीचं, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजायच्या तपासणीचं, विचारा. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्यानेही झोपेत श्वास मंदावतो, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि झोपेची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबातच नको. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे आधीच माहीत हवं. सीपॅप मशीनने, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राने, बऱ्याच जणांना छान झोप लागते.